अभिनयाचा प्रवेश: पैशांचे बोलणे आधी व्हावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अभिनयाच्या प्रवेशचाचण्या जवळ आल्या की आपल्याकडची मुले दोन स्वगते आणि एखादे गाणे घोटून घोटून तयार करतात. उत्पन्नाचा दाखला काढायला मात्र निवड यादी लागल्यावर धावतात. तोवर सेतू केंद्रापुढे सगळ्याच प्रवेशांची रांग लागलेली असते, फी भरायची मुदत जेमतेम आठ दिवसांची असते, आणि घरात दोनच वाटा उरतात: सावकार, नाहीतर मुकादमाकडून पुढच्या हंगामाची उचल. नाट्यप्रशिक्षणाचे आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांचे काम जवळून पाहणारे आम्ही काही जण हे पत्र एवढ्याचसाठी लिहीत आहोत की, पैशांचे बोलणे प्रवेशाआधी, लेखी आणि नेमक्या आकड्यांत करता येते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

फी किती, हा पहिला प्रश्न नव्हे. शेवटी हातात पडणारा कागद कोणाचा, हे आधी विचारावे. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे ललित व प्रयोगजीवी कला संकुल, पुण्याचे ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स, ही विद्यापीठाची पदवी देणारी ठिकाणे. अंधेरीतली तीन महिन्यांची, सहा महिन्यांची अकादमी देते ते तिचे स्वतःचे प्रमाणपत्र. शिकवणे कुठले चांगले, हा वाद वेगळा. काही अकादम्यांत कॅमेऱ्यासमोरचे काम विद्यापीठापेक्षा बरे शिकवतात, हे आम्हीही मान्य करतो. पण शिष्यवृत्ती, वसतिगृह, शैक्षणिक कर्ज, फी परतीचा नियम हे सगळे मान्यतेला बांधलेले आहे. मान्यता नसलेल्या अभ्यासक्रमाच्या फीवर १८ टक्के जीएसटीही लागतो. जाहिरातीत १ लाख दिसतात आणि पावती १ लाख १८ हजारांची फाटते, ती त्यामुळे.

विद्यापीठात घासाघीस होत नाही, असा समज आहे. तो अर्धा खरा आहे. फीचा आकडा विद्यापीठाची मंडळे ठरवतात. विभागप्रमुखांना तो एका रुपयानेही कमी करता येत नाही, म्हणून त्यांच्यापुढे रडून उपयोग नाही. पण फी कधी आणि किती हप्त्यांत भरायची, वसतिगृहात जागा मिळेल का, ‘कमवा आणि शिका’ योजनेत नाव लागेल का, वर्षाच्या नाट्यनिर्मितीसाठी जी वर्गणी काढतात ती माफ होईल का, विद्यार्थी सहायता निधीतून एकरकमी काही मिळेल का, या गोष्टींवर बोलता येते. हप्त्यांचे आणि वर्गणीचे विभागात बोलावे, निधीचे आणि ‘कमवा आणि शिका’चे विद्यार्थी विकास विभागात, वसतिगृहाचे वसतिगृह प्रमुखांकडे. एकाच अर्जात सगळे कोंबले की तो अर्ज टेबलांवरून फिरत राहतो आणि सत्र संपते. तीन मागण्या, तीन अर्ज.

आता आकडेमोड. समजा, गंगाखेडकडची खुल्या प्रवर्गातली एक मुलगी पुण्याला निघाली आहे. फी ४०,०००, खोलीचे भाडे दरमहा ३,५०० प्रमाणे दहा महिन्यांचे ३५,०००, मेस दरमहा ३,२०० प्रमाणे ३२,०००, आणि वेशभूषा, मेकअपचे सामान, तालमींच्या निमित्ताने होणारा प्रवास मिळून १३,०००. एकूण १ लाख २० हजार. घरून सोयाबीन विकल्यावर ४५,००० येतील, ‘कमवा आणि शिका’तून वर्षभरात १५,००० धरू. खड्डा ६०,००० चा. या हिशेबात फीमध्ये दहा टक्के सूट मिळवली तर वाचतात ४,०००. वसतिगृहातली एक खाट मिळाली तर भाड्याच्या ३५,००० पैकी बरीचशी रक्कम वाचते. पालक मात्र सगळी ताकद फीवर लावतात आणि वसतिगृहाच्या अर्जाची तारीख निघून जाते. पुण्यात विद्यापीठाबाहेरही वसतिगृहे आहेत. विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींसाठी ती चालवते. अशा ठिकाणी प्रवेशासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो, तो कॉलेजचा निकाल लागण्याची वाट पाहत ठेवू नये.

हप्त्यांच्या तारखा मागताना आपल्या भागाचे वेळापत्रक सांगावे. विद्यापीठाची फी जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे पेरणीत घरातला पैसा जमिनीत गेलेला असतो तेव्हा. सोयाबीन बाजारात येते ऑक्टोबरमध्ये, कापसाचे पैसे दिवाळीनंतर जानेवारीपर्यंत सुटे सुटे येतात. ‘हप्ते करून द्यावेत’ असा अर्ज आला की कार्यालय आपल्या सोयीचे दोन हप्ते करते, दुसरा बहुतेक परीक्षेच्या अर्जाआधी. त्याऐवजी ‘२५ टक्के प्रवेशावेळी, ५० टक्के १५ नोव्हेंबरला, २५ टक्के ३१ जानेवारीला’ असे लिहून सोबत सातबारा आणि पीकपेऱ्याचा उतारा जोडला, तर नाही म्हणायला कारण लागते. तालुक्यात दुष्काळ जाहीर झालेला असेल तर शासन निर्णयाची प्रत जोडावी. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यातले ४० तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले, तेव्हा दिलेल्या सवलतींत परीक्षा शुल्कमाफीही होती. आपला तालुका यादीत आहे का, हे कॉलेज स्वतःहून पाहतेच असे नाही.

अर्ज एका पानाचा असावा. पहिल्या परिच्छेदात नाव, अभ्यासक्रम, चाचणीतला क्रमांक. दुसऱ्यात घरचे वार्षिक उत्पन्न आणि खाणारी तोंडे. तिसऱ्यात वर दिला तसा हिशेब आणि किती कमी पडतात तो आकडा. चौथ्यात एकच मागणी. ‘मला अभिनयाची लहानपणापासून आवड आहे’ हे वाक्य काढून टाकावे. ते प्रत्येक अर्जात असते. त्या जागी युवक महोत्सवातले एकांकिकेचे किंवा मूकाभिनयाचे पारितोषिक, राज्य नाट्य स्पर्धेच्या आपल्या केंद्रावरचे प्रमाणपत्र, प्रयोगाची तारीख आणि ठिकाण लिहावे. विभागाला युवक महोत्सवासाठी तयार नट हवे असतात, प्रकाशयोजना किंवा रंगभूषा येणारी मुले तर त्याहून हवी असतात. हे आपले भांडवल आहे, ते कागदावर दिसले पाहिजे. अर्ज आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यावा. क्रमांक नसलेला अर्ज दिलाच नव्हता, असे समजा. ‘साहेबांना भेटून सांगितलंय’ याला कार्यालयात काही अर्थ नसतो.

शासकीय योजनांबद्दल मोठा गैरसमज मुलींच्या फीमाफीचा आहे. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले, ही बातमी सगळ्यांनी वाचली. ती सवलत व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आणि शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशांसाठी आहे. नाट्यशास्त्राची निवड विभागाच्या स्वतःच्या चाचणीतून होते, त्यामुळे ‘मुलगी आहे, फी नाही’ हे धरून चालू नये. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, ओबीसी आणि विमुक्त-भटक्यांच्या योजना यांतही आपला अभ्यासक्रम व्यावसायिक की अव्यावसायिक, अनुदानित की विनाअनुदानित, यावर रक्कम ठरते. हे दोन शब्द कॉलेजच्या पत्रावर लिहून घ्यावेत. तोंडी ‘होऊन जाईल’ म्हणणाऱ्या लिपिकाचे पुढच्या वर्षी टेबल बदललेले असते.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्न मर्यादा अडीच लाख. पात्र विद्यार्थ्याकडे प्रवेशाच्या वेळी पूर्ण फीसाठी अडून बसता येत नाही. फ्रीशिप कार्ड त्यासाठीच आहे. यातला केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली फी त्याने कॉलेजला भरायची असते. घरात अडचण असली की ते पैसे खर्च होतात, मग कॉलेज निकाल अडवते. खात्यात पैसे आल्याच्या आठवड्यातच फी भरून टाकावी. शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,०००, संभाजीनगरसारख्या विभागीय ठिकाणी ५१,००० आणि इतर जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० मिळतात. ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना याच धर्तीवर आहेत. हे पैसे उशिरा येतात, म्हणून पहिल्या सहा महिन्यांच्या मेसचा हिशेब त्यांच्यावर बांधू नये. स्वाधारला ७५ टक्के हजेरी लागते आणि नाटकाची मुले नेमकी इथेच अडकतात. युवक महोत्सवाचा दौरा, स्पर्धेची फेरी, रात्रीच्या तालमीनंतर सकाळचा चुकलेला तास, हे सगळे हजेरीपटावर गैरहजेरीच होते. दौऱ्याला निघण्याआधी विभागाकडून कर्तव्यार्थ उपस्थितीचे पत्र घेऊन हजेरीपटात तशी नोंद करून घ्यावी. परत आल्यावर ती नोंद कोणी करत नाही.

महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचे अर्ज बाद होतात ते बहुतेक क्षुल्लक कारणांनी. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव, आधारवर वडिलांच्या नावापुढे ‘राव’, जातीच्या दाखल्यावर तिसरेच. नव्याने सुरू झालेला अभ्यासक्रम पोर्टलच्या यादीतच नसतो; तो कॉलेजने विद्यापीठाकडून आणि खात्याकडून जोडून घ्यायचा असतो, विद्यार्थ्याच्या हातात ते नसते, म्हणून ही मागणी जूनमध्येच लेखी द्यावी. अर्ज त्रुटीसाठी परत आला की संदेश येतोच असे नाही, दर आठवड्याला लॉगिन करून पाहावे. पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाहीत; विद्यार्थ्याच्या आधारशी शेवटचे जे खाते जोडले (सीडिंग) गेले असेल त्यात जातात. गावातल्या बँकेत मुलाने कधीतरी अंगठा दिलेला असतो आणि शिष्यवृत्ती भलत्याच खात्यात जाऊन बसते. खाते पूर्ण केवायसी नसलेले, लहान खाते असेल तर त्यात शिल्लक ५०,००० च्या वर आणि वर्षाची जमा १ लाखाच्या वर चालत नाही, म्हणून मोठी रक्कम परत फिरते. शाखेत जाऊन दोन्ही गोष्टी तपासायला अर्धा दिवस पुरतो.

बीड, धाराशिव, जालन्याच्या ऊसतोड कुटुंबांची अडचण आणखी वेगळी. मुलाच्या आधारला मोबाईल क्रमांक वडिलांचा, आणि वडील दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या फडात. ओटीपी तिकडे येतो. तिथे रेंज नसते, नाहीतर फोन चार्ज नसतो. अर्जाच्या नूतनीकरणाचे दिवसही नेमके तेच. मुलाने आधारला स्वतःचा क्रमांक उन्हाळ्यातच जोडून घ्यावा. पालकांची स्वयंघोषणा, उत्पन्नाचा दाखला, सह्या हे सगळे आई-वडील गावात असतात तेव्हा, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर या काळात उरकावे. नवे आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते, तेव्हा तहसीलमध्ये गर्दीही नसते.

खाजगी अकादमीत घासाघीस सरळसरळ फीच्या आकड्यावर होते, आणि ती करावीच. तुकडी सुरू व्हायला आठ-दहा दिवस उरले आणि जागा रिकाम्या असल्या की आकडा खाली येतो. ‘ऑडिशनमध्ये तुमची निवड झाली, ५० टक्के स्कॉलरशिप’ असे सांगतात तेव्हा मूळ फी कोणी भरली होती, हे विचारून पाहावे. सूट जीएसटीआधी की नंतर, पोर्टफोलिओचे फोटो, शोरील (कामाच्या नमुन्यांचा व्हिडिओ), वर्कशॉप, कॉस्च्युम यांचे वेगळे पैसे आहेत का, शिकवणारे प्रसिद्ध नट महिन्यातून किती तास येतात, अर्ध्यात सोडले तर किती परत मिळतील, ही उत्तरे ईमेलवर घ्यावीत. सर्वांत धोक्याचा भाग ‘बिनव्याजी ईएमआय’. तो हप्ता अकादमीचा नसतो. एखाद्या वित्त कंपनीने वडिलांच्या नावावर कर्ज काढून पूर्ण रक्कम अकादमीला आधीच दिलेली असते. मुलगा महिनाभराने परत आला तरी हप्ते चालू राहतात, थकले की सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, बिघडते, आणि पुढे पीककर्जाला बँकेच्या दारात त्याची किंमत मोजावी लागते. आधार, पॅन आणि ओटीपी ‘फक्त नोंदणीसाठी’ मागितले तर तिथेच थांबावे. अकादमीलाच थेट तीन चेकने पैसे देतो, असे सांगावे.

बँकेच्या शैक्षणिक कर्जात ४ लाखांपर्यंत तारण आणि स्वतःचा वाटा लागत नाही; अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने परतफेड सुरू होते. पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक उच्च शिक्षण संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज आहे, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत. आपली संस्था त्या यादीत आहे का, ते पोर्टलवर पाहावे. शाखाधिकारी विचारतो, ‘नाटक शिकून नोकरी कुठली?’ त्याला मालिकांची नावे सांगू नयेत. नाट्यशास्त्रात एमए करून विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) नेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा, देता येते, तो विषय नेटच्या यादीत आहे. शाळांतले नाट्यशिक्षक, आकाशवाणी, डबिंग ही कामे आहेत. नकार मिळाला तर लेखी मागावा आणि जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकाकडे द्यावा. तरीही आमचे मत असे की अभिनयासाठी मोठे कर्ज शेवटचा उपाय समजावे. ४ लाख, १० टक्के व्याज, सात वर्षे, म्हणजे दरमहा सुमारे ६,६४०, आणि शिकत असतानाचे व्याज वेगळे. नटाची पहिली दोन-तीन वर्षे दरमहा ठरलेल्या मिळकतीची नसतात. एका हंगामात चार कामे, मग पाच महिने काहीच नाही.

त्यापेक्षा विद्यावेतन देणाऱ्या संस्थांकडे आपली मुले कमी वळतात, याचे वाईट वाटते. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय तीन वर्षांच्या पदविकेला दरमहा विद्यावेतन देते. त्यासाठी आधी पदवी आणि नाट्यप्रयोगांचा अनुभव लागतो, म्हणून बारावीनंतर लगेच लाखो रुपये ओतण्यापेक्षा जिल्ह्यातच पदवी करत राज्य नाट्य आणि एकांकिका स्पर्धा खेळणे पैशाच्या हिशेबाने शहाणपणाचे. भोपाळचे मध्य प्रदेश नाट्य विद्यालय एक वर्षाचे आहे आणि नांदेडहून मुंबईपेक्षा फार दूर नाही. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठीची शिष्यवृत्ती १८ ते २५ वयोगटाला दरमहा ५,००० प्रमाणे दोन वर्षे मिळते. नाट्य त्यात आहे. अट गुरूकडे किंवा संस्थेत किमान पाच वर्षे शिकल्याची. ते प्रमाणपत्र गावातल्या नाट्यसंस्थेने तारखांसह, प्रयोगांच्या यादीसह द्यायचे असते. आपल्या संस्था लेटरहेडवर दोन ओळींचे कौतुक लिहून देतात आणि अर्ज तिथेच गळतो. एका वेळी दोन शासकीय शिष्यवृत्त्या सहसा चालत नाहीत, हे लक्षात ठेवून मोठी कोणती ते आधी ठरवावे.

प्रवेश रद्द करायची वेळ आली तर यूजीसीच्या २०१८ च्या अधिसूचनेत टप्पे दिले आहेत. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याआधी कळवले तर फक्त प्रक्रिया शुल्क कापून सगळी फी परत, त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत ९० टक्के, त्यापुढच्या १५ दिवसांत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, पुढे काही नाही. मूळ गुणपत्रिका आणि टीसी अडकवून ठेवणे या अधिसूचनेनुसार चालत नाही. दुसरीकडे निवड होण्याची आशा असलेल्याने ही शेवटची तारीख वहीत लिहून ठेवावी. खाजगी अकादमीला हा नियम लागू नाही, तिथे सही केलेला कागद हाच नियम.

शेवटी दोन मागण्या, आपल्या दैनिकामार्फत. नाट्यशास्त्र विभागांनी चाचणीच्या जाहिरातीतच वर्षाचा पूर्ण खर्च छापावा: फी, परीक्षा शुल्क, अनामत, नाट्यनिर्मितीची वर्गणी, वसतिगृह आणि मेस, अभ्यासक्रम अनुदानित की विनाअनुदानित, आणि महाडीबीटीवरचे त्याचे नेमके नाव. आज यातली निम्मी माहिती प्रवेश घेतल्यावर कळते. दुसरी मागणी विद्यापीठांच्या विद्यार्थी विकास विभागांना. चाचणीच्या दिवशी, ज्या इमारतीत मुले स्वगते म्हणतात त्याच इमारतीत, शिष्यवृत्तीचे काम करणारा एक लिपिक संगणक घेऊन बसवावा. मूळ कागद मुलांच्या पिशवीत असतात, अनेकदा पालकही बरोबर असतात. नावांतला फरक आणि आधारचे खाते त्याच दिवशी तपासून होईल, दुरुस्तीला महिना-दीड महिना हाती राहील.

आपले,
नाट्यप्रशिक्षणाशी व शिष्यवृत्तीच्या कामाशी संबंधित काही वाचक,
परभणी